नेण्यास मनाई

कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव तेरावं,
जेवणाआधीचं शेवटचं.
विषय त्यांनीच दिलेला:
ग्रामीण ग्रंथालये, आव्हाने आणि संधी.
वेळ दहा मिनिटं. उद्घाटक उशिरा आले, तेव्हा सात.
मग ते बोलत राहिले, तेव्हा चार.

वेंगुर्ल्याच्या त्या सभागृहाच्या खिडक्या बंदराकडे उघडतात,
खुर्च्या मात्र पाठ करून मांडलेल्या.
पहिल्या रांगेत अधिकारी, निरीक्षक, मांडीवर फायली.
शेवटच्या रांगांत आम्ही, ‘ड’ वर्गातले,
अनुदान आलं का विचारायचं टाळून
एकमेकांना विचारत होतो:
तुमच्याकडे वाळवी की कसर?

मी सगळं लिहून नेलं होतं.
खाऱ्या हवेत बांधणी कशी सुटते,
श्रावणात कपाटांच्या आतून बुरशी कशी चढते,
वेखंडाच्या पुरचुंड्या, त्यांचा खर्च,
सभासद एकशे चार, येणारे एकोणीस.
टक्केही काढले होते.

माइक माझ्यापेक्षा उंच. कोणीतरी तो खाली केला,
तो किंचाळला,
आणि कागद हातात असताना मी म्हटलं,
मी संदर्भ विभागातलं पुस्तक बाहेर दिलंय.

पंखे ऐकू आले.

मग सांगावंच लागलं.
बस्त्याव फर्नांडिस, ट्रॉलरवरचा खलाशी, शाळा सातवीपर्यंत.
कथा नेल्या, कादंबऱ्या नेल्या, दर वेळी तक्रार एकच.
एक दिवस शब्दकोशाच्या कपाटापुढे उभा राहिला:
“गोष्ट दोन रातीत संपता गो बाय.
ह्यां संपाचा नाय.”
शिक्का मीच मारलेला, जांभळ्या शाईत,
वाचनालयाबाहेर नेण्यास मनाई.
मी खंड पहिला प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून दिला.

सव्वीस दिवसांनी परत आला. हा बघा.
‘ओहोटी’पाशी खवला चिकटलाय, तो मी काढला नाही.
आणि इथे, ‘उधाण’. कोशात एक ओळ आहे,
समुद्राला येणारी मोठी भरती.
समासात पेन्सिलीने त्याने लिहिलंय:
अपुरा.

घंटा वाजली. माझी चार मिनिटं
कुणाच्या तरी दोन मिनिटांत शिरली होती.
प्रश्नोत्तरात एकच चिठ्ठी आली: दंड किती आकारला?
हशा झाला. मीही हसले,
आणि निरीक्षकांनी टोपण काढून काहीतरी टिपलं.

जेवायला काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी.
हात धुताना शेजारच्या नळावर
दोडामार्गाकडचे एक वयस्क ग्रंथपाल, घाडी आडनावाचे,
आरशातच बघत हळूच म्हणाले,
मी नकाशांचं पुस्तक देतो.
एक पोरगा आहे, काजूच्या कारखान्यात.
आणि ओले हात रुमालाला पुसून
रांगेत पानासाठी उभे राहिले, ओळख नसल्यासारखे.

प्रशस्तिपत्रावर माझ्या नावाआधी ‘श्री.’ छापलेलं.
नारळ पिशवीत, शाल नारळावर, शब्दकोश मांडीवर.
शेवटच्या एसटीत खिडकीची काच खाली येईना,
मोचेमाडच्या पुलावर खाडीचा वास आत आला तो फटीतूनच.

पंधरा दिवसांनी लिफाफा.
आपण जाहीररीत्या दिलेल्या कबुलीस अनुसरून
सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.
वाचनालय बंद करून मी दिव्याखाली बसले.
महोदय, पर्यंत सरळ आलं.
पुढे लिहायचं होतं, माझी चूक झाली,
तर नेमकं तिथेच अडलं.
आयुष्यभर लिहिलेला शब्द.
पहिला की दुसरा? च ला उकार कुठला?
उठले, कपाट उघडलं, हात नेहमीच्या जागी गेला.

खंड दुसरा, क ते न,
गेल्या मंगळवारपासून दर्यात आहे,
देवगडच्या पलीकडे कुठेतरी,
दोन पिशव्यांत.