साडेनऊ आटे

पहाटे पावणेपाचला बाबा निघायचे,
खांद्यावर पालिकेची लोखंडी चावी,
त्यांच्याहून वीतभर उंच, वर आडवी मूठ.
रविवारच्या शाळेतल्या बाईंना ती क्रुसासारखी दिसली.
बाबा म्हणाले, बाई, चावी आहे. तिनं पाणी सुटतं.

नाना पेठेतल्या अकरा गल्ल्या त्यांच्या हाताखाली.
म्हणजे खरोखरच हाताखाली:
झाकण उचलायचं, चिखलात चावी उतरवायची,
आणि मोजत फिरवायची.
तालमीमागे सहा आटे, तिथे उतार.
भांडीबाजाराच्या बोळाला सात.
पायगुडे आळीला साडेनऊ,
चढावर जाता जाता पाणी दमतं म्हणून.

त्या वर्षी खडकवासल्याचा तळ दिसू लागला.
गुरुवारचं पाणी बंद झालं, मग सोमवारचंही.
मंगळवारी आलं ते उशिरा आणि गढूळ,
आणि आप्पा पायगुड्यांनी दुधाच्या रांगेसमोर
बाबांच्या कानाखाली वाजवली.
वर म्हणाले, तुमच्या लोकांच्या हाती चाव्या दिल्या,
तिथंच चुकलं.

मी चौदा वर्षांची, रांगेत.
माझ्या मुठीत दुधाची पिशवी फुटली होती,
ते घरी आल्यावर कळलं.

बाबांनी टोपी उचलली, झटकली.
म्हणाले, "आप्पा, धरणात पाणी नाही.
आणि मारलंत, ते चूक केलंत."
दोन्ही वाक्यं एकाच आवाजात.

घरी मात्र मोरीत बसून राहिले,
नळ कोरडा, बादली पालथी.
आतून एक शिवी ऐकू आली,
आमच्या घरात कुणी न दिलेली.
मग दुसरी.
मी दाराकडे गेले तर आईनं अडवलं:
असू दे. देवाला तीही ऐकू येते.

रात्री मी वहीत हिशोब मांडून दाखवला.
उद्या आठच आटे फिरवा, बाबा.
दीड आटा कमी, की तिसऱ्या मजल्यावर
त्यांच्या टाकीत थेंब चढणार नाही.
कुणाला कळणारही नाही.

बाबा वहीकडे बघत राहिले.
इतका वेळ, की मला वाटलं, पटलं.
मग म्हणाले, त्या आळीत बाळंतीण आहे.
थोड्या वेळानं म्हणाले, आणि ती नसती, तरीही.
"त्याचा हात माझ्या गालावर पडला, शांते.
तो माझ्या मनगटात कशाला शिरू देऊ?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागे गेले.
पंचहौदची घंटा अजून व्हायची होती.
बाबा गुडघ्यांवर बसले,
प्रार्थनेसाठी नव्हे, झाकण जड होतं.
एक, दोन, तीन. मीही मनात मोजत होते.
आठाला थांबले.

कुणीतरी कुठेतरी रेडिओ लावला.
एक कुत्रं येऊन चावी हुंगून गेलं.
बाबांचे हात मुठीवर तसेच, थरथरत,
एका गालावर अजून चार बोटं निळी.
मला वाटतं तेव्हा ते काहीतरी पुटपुटले,
ओझं उचलताना हमाल पुटपुटतो तसं,
प्रभूचं नाव असेल, नसेलही.
नऊ.
आणि अर्धा.
खाली नळाच्या पोटात घुमायला लागलं
आणि पाणी चढाला लागलं.

आप्पा बदलले नाहीत.
हे सांगायलाच हवं, कारण उपदेशात ते नेहमी बदलतात.
त्यांनी माफी मागितली नाही,
बाबांच्या मयतीलाही आले नाहीत.
बाळंतिणीचा मुलगा आता रिक्षा चालवतो,
त्याला यातलं काहीच माहीत नाही.
चावी पालिकेनं परत नेली, पोच दिली.

आता माझ्याही कचेरीत एक साहेब आहेत.
चार लोकांत जे बोलायचं ते बोलून झालंय त्यांचं.
मीही सांगितलं, चूक केलंत. आवाज थोडा चढलाच.
परवा ते निवृत्त झाले,
आणि त्यांच्या पेन्शनची फाईल
फिरत फिरत माझ्या टेबलावर आली.
एक सही. ती महिनाभर राहिली
तर कुणाला कळणारही नाही.

तीन दिवस झाले.
पेनाचं टोपण काढून बसलेय.
बाबा, मी आठव्या आट्यावर आहे.