तोंडपाठ

बुरेलाच्या धक्क्यावर पहाटे पावणेपाचला
लिलावाचा आकडा वरून खाली उतरतो:
नऊ युरो, आठ नव्वद, आठ ऐंशी,
आणि कुणीतरी बटण दाबतं.
ज्याने आधी दाबलं त्याची पेटी.
एवढाच खेळ. पण गेल्या हिवाळ्यात
आकडा मधेच अडायचा.
दोन सेकंद. कधी तीन.
खरेदीदार रबरी बुटांत, माना वर करून उभे,
आणि बर्फ वितळतोय सगळ्यांच्या देखत.

मला बोलावलं, लुगोहून.
पाहते तर यंत्र दर पेटीला
डिस्कपाशी जाऊन विचारत होतं:
ही बोट कुणाची? हे गिऱ्हाईक उधारीत बुडालेलं तर नाही?
उत्तर घेऊन वर. पुन्हा खाली. पुन्हा तेच.
मिठाच्या दर चिमटीला
जिना उतरून कोठीत जावं, तसं.

आणि संसार तो केवढा?
दोनशे सतरा बोटी, नव्वद गिऱ्हाइकं,
माशांच्या एक्केचाळीस जाती.
फोनमधल्या एका फोटोहून लहान.
उठल्याबरोबर एकदाच वाचून घे,
म्हटलं मी यंत्राला, तोंडपाठ कर.

"आम्ही वेगळं काय करायचो?" अमारो म्हणाला.
एकतीस वर्षं त्याने लिलाव पुकारला,
यंत्र यायच्या आधी, नुसत्या घशावर.
आता तो कॉफीच्या मशीनशेजारी बसतो
आणि कुणी त्याला ऊठ म्हणत नाही.
मी गंमत म्हणून विचारलं, एकशे बारा?
"'मार दे फोरा'. सेवेरीनोची. हिरवी,
पण खरवडलीस तर खाली निळी.
मेव्हण्याकडून घेतली, पैसे अजून पुरते दिलेले नाहीत."
माझ्या तक्त्यात खालच्या रंगाला रकाना नव्हता.

मग साफसफाई. मेमरीत मोजकंच ठेवावं
हा माझा हट्ट; खोड म्हणा.
दहा वर्षांत जिने एकही पेटी उतरवली नाही
ती बोट काढायची. छप्पन्न निघाल्या:
भंगारात गेलेल्या, विकलेल्या, पोर्तुगालला नेलेल्या.
यादी अमारोला दाखवली, सहज.
त्याचं बोट खाली खाली येत एका ओळीवर थांबलं.
"ही विकलेली नाही."
मी वाट पाहिली.
"ही यायची आहे."

'नोवा दोरिंदा'. शेवटची नोंद
अकरा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली:
चौदा पेट्या मेरलुसा, दर चांगला.

एका ओळीला लागतात दोनशे बाइट.
एवढं मी हिशेबात धरत नाही.
पंचावन्न काढल्या.

आकडा आता पाण्यासारखा उतरू लागला.
कुणी शाबासकी दिली नाही. चालणाऱ्या गोष्टीकडे
कोण बघतं?

मार्चमध्ये वादळ आलं, ऐन लिलावात वीज गेली.
वीज गेली की मेमरी कोरी, ओल्या फडक्याने पाटी पुसावी तशी.
कुणी देवाचं नाव घेतलं, कुणी कुणाच्या तरी आईचं.
माझ्या पोटात गोळा.
दर मिनिटाला डिस्कवर नक्कल उतरत होती,
हे मला माहीत होतं. गोळ्याला नव्हतं.

सात मिनिटांनी दिवे आले.
यंत्र जागं झालं, कोठीत गेलं,
डोळ्याची पापणी लवायच्या आत घोकून वर आलं.
फळ्यावर पहिली ओळ: बोटी, एकशे बासष्ट.
अमारोने चष्मा लावून ती वाचली.
"बरोबर," म्हणाला, आणि कप उचलला.

शेवटच्या मिनिटातल्या तीन पेट्या मात्र
नकलेत उतरल्याच नव्हत्या.
त्या त्याने सांगितल्या, मी टाइप केल्या:
कुणाच्या, कुणाला, कितीला,
आणि दुसरीचा एक कोपरा फुटका होता.
तेही लिहिलं, शेऱ्यात.