तोंडओळख

सकाळपासून सात वेळा सिद्ध केलंय की मी मीच आहे.
उशीवरून डोकं न उचलता फोनला चेहरा,
गाडीला बोट, लिफ्टला बुबुळ,
कॉफीच्या यंत्रालासुद्धा तळहात.
तो आमचाच माल, तक्रार कुणाकडे करू?

लिफ्टमध्ये रोज एक बाई असते, हिरव्या कोटातली.
छतातल्या कॅमेऱ्याला तिच्या चेहऱ्यावरचे
हजारो बिंदू पाठ आहेत.
माझी तिच्याशी नुसती तोंडओळख.

बाराव्या मजल्यावरून विगोची खाडी दिसते,
शिंपल्यांचे तराफे, पलीकडे कांगास
आणि कांगासच्या कॅनरीचं लांबट छप्पर.
जुनं गिऱ्हाईक.
मागच्या महिन्यात बोर्डासमोर म्हणालो,
चुकून नाकारले जाण्याचं प्रमाण
शेकडा शून्य पूर्णांक आठ.
माना डोलल्या. कुणीतरी पाणी ओतून घेतलं.

तो शून्य पूर्णांक आठ
मला मग फेरीबोटीनं जाऊन भेटावा लागला.
त्याचं नाव बाल्बिना.
वय एकोणसाठ, पायात पांढरे गमबूट.
अडतीस वर्षं वाफाळते शिंपले सोलून
बोटांची टोकं गोट्यांसारखी गुळगुळीत.
रोज पावणेसहाला ती यंत्राला अंगठा दाखवते
आणि यंत्र तिला.
पुसून, फुंकून, उजवा, डावा,
पुन्हा उजवा.
शेवटी रखवालदार एलादिओ खिशातून किल्ली काढतो.
“तीन वर्षं झाली,” तो म्हणाला,
“तुमच्या यंत्राची नोकरी मीच करतोय.”

मी बॅगेतून नवा सेन्सर काढला,
कातडीखालच्या शिरा वाचणारा.
तिनं हात पुढे केला नाही.
“वरचं सगळं डब्यांत भरून गेलं,
आता आतलंही वाचायचंय?”
आणि जरा थांबून,
“नाव विचारून बघ की रे. सांगते मी.”

परतीच्या बोटीत वारा होता.
पूर्वी ज्याला अक्षर येत नसे
त्याला लोक अंगठेबहाद्दर म्हणत.
माझ्या दोन पदव्या, आणि पगारवाढीच्या कागदावरही अंगठाच.
गेल्या वर्षी आमच्याकडून चार लाख बोटं चोरीला गेली.
प्रत्येकाला पत्र धाडलं: कृपया त्वरित बदला.
पुढे काय बदला ते लिहायचं होतं.
कायदा विभागानं ती ओळ दोन आठवडे ठेवून घेतली
आणि कोरीच परत पाठवली.

रविवारी आईकडे जातो. चौथा मजला,
खाली पितळी बटणांचा जुना इंटरकॉम.
ती विचारते, “कोण?”
मी म्हणतो, “मीच.”
खटकी वाजते, दार उघडतं.
एकोणपन्नास वर्षांचा झालो,
या पासवर्डात अजून एक आकडा नाही, एक चिन्ह नाही.

तिला म्हटलं, आई, ‘मीच’ तर कुणीही म्हणेल.
“म्हणाला ना मंगळवारी. गॅसचं मीटर बघणारा पोरगा.
सर्दीनं आवाज थेट तुझा. वर आल्यावर कळलं.”
“मग?”
“मग काय? ओलाचिंब होता. सूप दिलं.”

याला आम्ही चुकीचा स्वीकार म्हणतो.
दहा लाखांत एक, असं माहितीपत्रकात छापतो.
आईचं प्रमाण काढायला बसलो नाही.
तिच्या दारासाठी घेतलेला कॅमेरा
उन्हाळ्यापासून डिकीत पडून आहे, सुट्या टायरखाली,
खोका न फोडलेला.

या रविवारी ‘मीच’ म्हणालो,
तर वरून आलं,
“मीच म्हणजे?”

मागून बस गेली होती. ऐकू गेलं नसेल.
ब्राइस, म्हणालो.
आई, ब्राइस.
आणि बटणावरचं बोट
उचललं नाही.