साचा

तेजल आहिरेचा आज तिसरा दिवस,
आणि तिसऱ्या दिवशीही तिच्या पडद्यावर तीच लाल ओळ:
अमुक लायब्ररी, आवृत्ती दोन-तीन-एक, सापडत नाही.
"मॅडम, तुमच्याकडे चालतंय ना?"
चालतंय.
माझ्याकडे पाच वर्षं चालतंय,
म्हणून तर मी कधी वाकून खाली बघितलं नाही.

अंबडच्या या गाळ्यात वर आम्ही,
खाली शिरसाठांची टूलरूम.
बाटल्यांच्या झाकणांचे साचे करतात ते.
कानशीचा आवाज दिवसभर जिना चढत राहतो.
पिंपळगावच्या कोल्डस्टोरेजवाल्याला
उद्या सकाळी दुसऱ्या शेडवर लेबलं हवीत,
वजनासकट, बारकोडसकट,
आणि तो दर तासाला फोन करून
फक्त "काय मग?" एवढंच विचारतो.

मशीन बंद करून चालू केलं.
नेट बदललं, माझ्या मोबाइलचं दिलं.
साफ करून बिल्ड, पुन्हा साफ, पुन्हा बिल्ड,
बिघडलेल्या मिक्सरला थापट्या माराव्यात तसं.

मग तो फोल्डर आठवला,
नावाआधी टिंब लावून लपलेला,
जिथे मशीन एकदा आणलेलं काहीच टाकून देत नाही.
होती तिथे. दोन-तीन-एक.
ज्यांनी बनवली त्यांनी कधीच मागे घेतलेली,
आता कुठल्या सर्व्हरवर नाही, फक्त माझ्या फडताळात.
पेनड्राइव्हवर घालून देता आली असती.
हात पुढे गेलाही होता.
पण मग परवा जो पोरगा येणार, त्यालाही पेनड्राइव्ह?

मी फोल्डर पुसला.
"अहो मॅडम!" तेजल उठून उभीच राहिली.
आता माझ्याकडेही लाल.
आता कुठे आम्ही दोघी एका पंगतीत.

मग वंशावळ काढली, कोण कुणावर अवलंबून.
आम्ही बोलावलं होतं एकाच छपाईवालीला.
तिने आणला बारकोडवाला,
त्याने आपला मेहुणा,
मेहुण्यामागून पत्रिकेत नाव नसलेले सतराजण.
सगळ्यांना विचारत गेले, ही आवृत्ती कुणी मागितली?
कुणीच नाही. मेहुण्याला तीन-शून्यही चाललं असतं.
मागितली होती आमच्याच साच्याने,
ज्यातून इथला प्रत्येक नवा प्रोजेक्ट निघतो.
चौऱ्याऐंशीवी ओळ. शेजारी टीप:
तात्पुरतं. नंतर काढणे. गायधनी.

गायधनी आता सिन्नरला, भावाबरोबर बॅटऱ्यांच्या दुकानात.
फोनमागे कुणीतरी इन्व्हर्टरचा भाव पाडून मागत होतं.
"कोणती ओळ? हां हां, ती.
अगं, एका रात्रीपुरती होती.
मी गेल्यावर तू काढली असशील, असं धरून चाललो."
आणि मी धरून चालले होते
की तू विचार करूनच ठेवली असशील.
हे मी बोलले नाही. भाव विचारणारा अजून थांबला होता.

ओळ काढली.
तेजलने कोऱ्या फोल्डरात नवा प्रोजेक्ट उघडला.
पुन्हा लाल. या वेळी माझं,
घाईत एक कंस जास्तीचा पुसला होता.
तो लावला, आणि मग
ओळींमागून ओळी उतरत राहिल्या,
आम्ही दोघी ट्रकमधून माल मोजणाऱ्यासारख्या बघत.
हिरवं.
फक्त नव्या फाइलच्या डोक्यावर अजून लिहिलेलं:
लेखक, गायधनी.
तेजल फस्सकन हसली. म्हटलं, राहू दे आजच्यापुरतं,
आणि जीभ चावली.
तेही काढलं.

खाली चहाला गेले तेव्हा शिरसाठ
डोळ्याला भिंग लावून साच्याची कड बघत होते.
दाराशी दोन पोती, परत आलेल्या झाकणांची.
मला वर मोजलेला आकडा आठवला,
त्या साच्यातून आजवर निघालेले प्रोजेक्ट, एकेचाळीस.
कप अर्धाच ठेवून जिना चढले.

"कुठनं सुरू करायचं?" तेजलने विचारलं.
फोन वाजत होता.
"काय मग?"