नरनाळ्याचा दरवाजा, जस्तावर

जस्ताचा पत्रा मिळाला अकोटच्या बंद छापखान्यातून.
मागच्या बाजूला अजून कुणाची तरी लग्नपत्रिका,
उलटी, गणपतीची सोंड भलतीकडे वळलेली.
पुढची बाजू राखेनं घासली
माझं तोंड दिसेपर्यंत.

मेण मोहोळाचं, त्यात सलईचा डिंक,
वरून चिमणीची काजळी धरली.
त्या काळ्याभोर अंगावर दाभणानं
महाकाली दरवाजा काढायला बसलो:
कमानीच्या पोटात कमान, झरोके, कमळं,
आणि वर ती अक्षरांची पट्टी.
मला वाचता येत नाही,
म्हणून एकही वळण चुकवलं नाही.

दाभण जस्ताला दुखवत नाही.
मेण तेवढं बाजूला करतं.
पुढचं तेजाबाचं काम.

तेजाब डिगांबर सोनारानं दिलं, अर्धी बाटली,
"नाकाले फडकं बांधा, गुरुजी."
बुडबुडे आले की कोंबडीच्या पिसानं सारायचे.
आभाळ पाच मिनिटांत बाहेर काढलं.
कमळांना अकरा.
कमानीखालचा अंधार मात्र
संध्याकाळची एसटी येऊन गेली तरी बुडवून ठेवला.
त्यात वाघळं मावली पाहिजेत.

एका जागी मेण सुटलं.
बुरुजावर डाग पडले, जे तिथं नाहीत.
राहू दिले. पडतील कधीतरी.

छापायला यंत्र कुठलं?
पोपटखेडच्या फाट्यावर मुनाफची रसवंती.
रात्री शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर
रुळांत घोंगडी घातली, ओला कागद, पत्रा.
घुंगरं वाजली
आणि अख्खा दरवाजा चरकातून गेला.

डावा बुरुज उजवीकडे आला.
मुनाफनं चष्मा लावला, पट्टीवरून बोट नेलं,
अडखळला, मग हसत सुटला:
"आमची अक्षरं तुमच्या बाजूनं चालाले लागली, गुरुजी."

सकाळी मोहफुलं घेऊन फुलवंती बेठेकर आली.
आश्विनात गडावरून सीताफळं उतरवताना
मी तिला पाहिलं होतं,
आणि दरवाज्याच्या पायथ्याशी उभं केलं होतं,
ज्वारीच्या दाण्याएवढं.
खाली कुणी बारीक असल्याशिवाय
वरचं काही भव्य दिसत नाही,
एवढी युक्ती मला माहीत.

ती वाकून बघत राहिली.
"दरवाजा उंच दिसावा म्हनून
मले एवढुशी केली का?"
प्रमाण असतं, मी म्हणालो.
"टोपलं तरी मोठं काढाचं. भरेल होतं ते."

पत्रा पुन्हा मेणात घेतला.
तिच्यापुरतंच उघडं ठेवलं,
आणि तेजाबात इतका वेळ
की दुसऱ्या छापात ती
कमानीखालच्या अंधाराहून काळी उठली.
उंची तेवढीच. ती वाढवणं मला जमलं नाही.

छाप दोरीवर वाळत घातले.
कागदाला रुळांवरचा गोडवा लागलेला.
मुंग्या आल्या.
एक, फुलवंतीपेक्षा मोठी,
पायथ्यापासून निघाली, झरोक्यात थबकली,
मग अक्षरांच्या पट्टीवरून सरळ चालत गेली,
उजवीकडून डावीकडे.