वार्निश

परळच्या कॉलेजात, फिजिऑलॉजीच्या मागच्या खोलीत
बाबांनी एकतीस वर्षं कागद काळे केले.
गुळगुळीत कागद ड्रमला गुंडाळायचा,
खाली रॉकेलची ज्योत, ड्रम सावकाश फिरवायचा,
काजळी बसली पाहिजे सायीसारखी, एकजात.
मग बेडकाचा स्नायू आखडला की
काटा त्या काळ्यावर पांढरा डोंगर काढी.
शेवटी लाखेच्या वार्निशात बुडवून
दोरीवर वाळत घालायचे
पंचवीस पोरांचे पंचवीस डोंगर.

रशियन नावं त्यांनी दाराशी उभं राहून ऐकली.
नरगोळवाला बाई शिकवायच्या. मधेच हाक: घाडी, ट्रे!
सेचेनोव्ह जिभेला जमला नाही,
त्याला ते मिठवाला म्हणत.
पावलोव्हचा शेवटचा व्ह कायमचा गळाला,
आणि पगाराच्या दिवशी घरात शिरताना म्हणायचे,
देव पावलो!

मिठवाल्याची गोष्ट मला झोपताना असायची,
राजाराणीच्या जागी.
बेडकाचा पाय आम्लात बुडवला तर तो झटकतो.
पण उघड्या मेंदूवर, नेमक्या जागी, मिठाचा खडा ठेवला
की पाय तसाच राहतो, कितीतरी वेळ.
'न हलणा ह्या पण एक कामच आसा गो. मेंदू करता ता.'
दुखत नसेल का, मी विचारायचे.
ते दिवा मालवायचे.

संपाच्या वर्षी धाकटा काका घरी बसला.
रोज रात्री पानावर बाबांना म्हणायचा, बेडूकमाऱ्या.
आणि बाबा घास हातात धरून
तसेच.
त्यांच्या डोक्यावर खडा कुठे ठेवलाय
ते मी केस विंचरून देताना शोधायचे.

भोंगा थांबला तरी आई तीन वाजता काकासाठी
चहाचं आधण ठेवायची.
हळूहळू विसरली.
गणपतीला गावी गेलो, महिन्यानं परतलो,
आणि दुसऱ्याच दिवशी, तीनला, पुन्हा आधण.
स्वतःच दचकली.
बाबा म्हणाले, पावलोन लिवन ठेवला हा,
विझलेली सवय मेलेली नसते,
जरा विसावा मिळाला की मान वर काढते.
त्याच्या कुत्र्यांचं तेच, आईनं विचारलं,
आणि माझं पण तेच?
त्या दिवशी चहा कोणीच घेतला नाही.

चैत्रापासून बाबांचा उजवा हात परका आहे.
मंगळवारी नि शुक्रवारी झैनब मुकादम येते,
स्कूटर नाल्याकडे लावून, घामाघूम,
रिकामा कप उचलायला लावते.
'काका, शंभरदा उचला. पण तोच रस्ता धरू नका.'
मग तिनं मॉस्कोतल्या बर्नस्टाईनचं सांगितलं.
मजुराच्या खांद्याला, कोपराला, मनगटाला
बारके दिवे बांधून त्यानं म्हणे
हातोड्याच्या घावांचे फोटो घेतले.
हातोडा पडायचा तिथंच, छिन्नीच्या डोक्यावर.
हात मात्र दर खेपेला
थोड्या वेगळ्या वाटेनं यायचा.
घोकंपट्टी नव्हे काका, तेच गणित
प्रत्येक वेळी नव्यानं सोडवायचं.

बाबांना रागच आला.
एकतीस वर्षांत
हे नाव बाईंनी एकदाही घेतलं नव्हतं.
कप त्यांनी मुद्दाम उपडा घातला,
आणि झैनब टाळ्या वाजवायला लागली:
उपडा तर उपडा, मनगट वळलं ना!

काल पहाटे देव्हाऱ्याशी खुडबुड ऐकून उठले.
काचेवर समईची काजळी,
मी दोन महिने पुसायची टाळलेली.
बाबा उभे. उजवं बोट काचेला टेकलेलं.
थरथरत गेली होती एक पांढरी रेघ,
बराच वेळ सपाट,
मग जरा चढ, घसरण,
आणि टोकाशी, मुठीएवढा नाही, नखाएवढा
डोंगर.

मी फडकं घेऊन पुढे झाले.
डाव्या हातानं त्यांनी अडवलं.
शब्द लंगडत, एकेक करून आले:
'पुसू नको.
वार्निश हाड.'