कापलेलं चाक

अस्मारात तेव्हा फिल्म वर्षातून एकदा यायची,
कुणाच्या तरी मामाच्या बॅगेत, मोज्यात गुंडाळून.
म्हणून अबोय झेरेमर्याम
बटण दाबायच्या आधी शंभर वेळा शिकवायचे
आणि नंतर एकदाच ओरडायचे.

जिंकणाऱ्याचा फोटो काढू नकोस, म्हणायचे.
हात वर केलेली माणसं सगळीकडे सारखीच,
लग्नात, भांडणात, पुरात.
चढावर उभा राहा.
चढावर माणसाला चेहरा सांभाळायला सवड नसते.
पायडल खाली गेलं की टिप, गुडघा जवळजवळ सरळ.
वर असताना टिपलंस तर बसलेला बेडूक दिसतो
आणि आई तो फोटो भिंतीला लावत नाही.
आधी रस्त्याला जागा दे, मग माणसाला.
कंबरेतून वळ. नुसती मान वळवलीस
तर ती मीच पुरती वळवीन.
चेहरा थांबला पाहिजे आणि चाकाच्या तारा विरघळल्या पाहिजेत,
चहातल्या साखरेसारख्या.
आणि चाक कापू नकोस.
झाड काप, पाटी काप, हार घेऊन उभा असलेला साहेब काप,
चाक कापलंस की माणूस पडला.

त्या रविवारी मी नेफासितच्या वळणावर.
मसावाहून वर येणारी शर्यत.
खाली कुठेतरी समुद्र असेल; दिसत होतं ते धुकं,
आणि धुक्यात माकडं खोकत होती.
कॅमेऱ्यात अकरा फ्रेम.

आधी आवाज आला,
ओल्या डांबरावरून कुणी साल सोलत यावं तसा.
मग चाळीस माणसांचा श्वास.
मग काहीच नाही.
मी दहा वेळा बटण दाबलं. दहाही राखाडी.
अकरावी कशी निघाली
ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

लाल दिव्याखाली, पाण्यातून हळूहळू
अब्रेहेत वर आली.
वळणावर कॉफी विकायची ती.
दोन्ही हातांत तवा, तव्यात दाणे तडतडतायत,
पांढरी नेत्सेला खांद्यावरून उडालेली,
तिचं एक टोक दातांत धरलेलं
आणि नजर दाण्यांवर, करपू नयेत म्हणून.
अगदी उजव्या कडेला
कुणाचं तरी मागचं अर्धं चाक.

अबोयनी कागद चिमट्याने उचलला.
'चाक कापलंय.'
बराच वेळ पाणी निथळत राहिलं.
मग त्यांनी तो कागद बादलीत न टाकता दोरीवर टांगला
आणि बाहेर जाऊन
कांदेवाल्याशी उगाचच भाव करत बसले.

पंधरा दिवसांनी किफ्लोम आला. केरेनचा.
शर्यतीत एकतिसावा.
आईला पाठवायला स्वतःचा फोटो हवा होता.
नाही निघाला, म्हटलं, धुकं होतं.
त्याने दोरीकडे बघितलं.
जवळ गेला, नाक टेकेल इतका.
'हा मी.'
मागच्या दांड्यावर, वेल्डिंगच्या डागाखाली,
जुन्या ट्यूबची पट्टी. तिला दोन गाठी.
दुसरी आईने मारलेली, म्हणाला,
तिचा माझ्या गाठीवर विश्वास नाही.

अबोयनी पैसे अर्धेच घेतले. अर्ध्या चाकाचे.

दारात तो थांबला,
फोटो शर्टाच्या आत, पाठ वाकलेली,
अजून चढ बाकी असल्यासारखी.
'तिची शाल,' त्याने विचारलं,
'सुटली का नंतर?
आम्हाला मागे बघता येत नाही.'

मला माहीत नव्हतं.
मी फिल्म गुंडाळत होतो.